तेविसावं कलम

शिक्षण कायद्याचं तेविसावं कलम सेवेरिनने कोरं सोडलं, ते काही विसरून नव्हे. विसरणाऱ्यांतला तो नव्हताच. पॅसिफिक महासागरातल्या याप राज्याच्या विधिमंडळात बावीस वर्षं तो दुभाष्याची नोकरी करत होता. राजधानी कोलोनियातल्या कचेरीत पंख्याखाली बसायचं आणि इंग्रजीतला कायदा बाहेरच्या बेटांच्या भाषेत उतरवायचा, हे त्याचं काम. स्वल्पविरामाची हयगयसुद्धा त्याला खपत नसे. नव्या विधेयकाची एकसष्टपैकी साठ कलमं त्याने घोटून घोटून लिहिली. तेविसाव्याच्या जागी तीन ओळींची मोकळी जागा ठेवली आणि खाली लिहिलं, ‘हे कलम बायकांना माहीत आहे.’ मग हात धुतले आणि शांतपणे टारोचा कंद आणि मासळी जेवला.

कचेरीत दुसऱ्या कुणाला त्याची भाषा वाचता येत नव्हती, त्यामुळे चूक कुणी पकडली नाही. खरं तर त्याला ती चूक वाटलीच नव्हती, रीत वाटली होती. फालुलेय बेटावर वाढलेल्या कुठल्याही माणसाने हेच केलं असतं.

कारण त्या कलमामागे होती त्याची सख्खी धाकटी बहीण पर्पेतुआ.

पर्पेतुआ फालुलेयच्या शाळेत शिक्षिका होती. एकतीस मुलं, पत्र्याची शाळा, एक भिंत वादळाने नेलेली. तिथल्या मुली मोठ्या झाल्या की महिन्याचे ते चार-पाच दिवस बेटाच्या पूर्वेच्या टोकाला बायकांच्या घरी राहतात. बेटावर त्याला नुसतं ‘पल्याड’ म्हणतात. पुरुषाने त्या वाटेला पाऊल टाकायचं नाही, आणि भावाने तर बहिणीच्या देखत त्या वाटेचं नावही काढायचं नाही. म्हणजे दर महिन्याला मुलीची शाळा बुडणार. पर्पेतुआने बुडू दिली नाही. दुपारी इकडची शाळा सुटली की फळ्याचा तुकडा काखेत मारून ती पल्याड जायची आणि तिथे शाळा भरवायची. हजेरीपटावर त्या मुली हजर. अशी अकरा वर्षं गेली. पगारात एक डॉलर वाढ नाही आणि गावात त्याची वाच्यता नाही, कारण वाच्यता करायची सोयच नव्हती.

गेल्या वर्षी तपासनीस आला. हजेरीपटावर एकतीस, बाकांवर अठ्ठावीस.

“बाई, तीन मुली कुठायत?”

“शाळेत.”

“मला तर दिसत नाहीत.”

“ही शाळा इथे आहे. त्यांची तिकडे आहे. चला, दाखवते.”

तपासनीसही बाहेरच्या बेटांवरचाच. त्याने पूर्वेच्या वाटेकडे पाहिलं, पर्पेतुआकडे पाहिलं, आणि मुकाट्याने बाकावर बसला. जायची छाती नव्हती, आणि गेल्याशिवाय खरं मानायची तयारी नव्हती. त्याने अहवालात लिहिलं, ‘हजेरी खोटी.’ असल्या माणसांना डोळ्यांनी पाहिलेलंच खरं लागतं, आणि पाहायचं म्हटलं की डोळे मिटतात.

नवं विधेयक या बाबतीत कडक होतं. वर्षाचे शाळेचे दिवस एकशे ऐंशी. अठरापेक्षा जास्त बुडाले तर तोच वर्ग पुन्हा, आणि हायस्कूलची जागा नाही. खोटी हजेरी मांडणाऱ्या शिक्षकाचा परवाना रद्द. पर्पेतुआने विधिमंडळाला पत्र लिहिलं, मसुदा लिहिणाऱ्या एका वकीलबाईने ते मनावर घेतलं आणि त्यातून तेविसावं कलम तयार झालं. ते राहिलं तर पर्पेतुआ राहणार आणि आठवीची जोविता हायस्कूलला जाणार. बेटाने गेल्या दहा वर्षांत पाहिली नव्हती अशी गणितातली पोरगी, जिचे तपासनिसाच्या हिशेबाने एकेचाळीस दिवस बुडाले होते. कलम गेलं तर दोघीही घरी.

ती फाइल सेवेरिनच्या टेबलावर आली तेव्हा बहिणीने काय केलंय ते त्याला पहिल्यांदा कळलं. पत्र त्याने दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचलं. नारळाच्या दोराने बांधलेल्या फळकुटावर अपूर्णांक शिकवणारी आपली बहीण! कचेरीत कुणाला तरी सांगावं असं त्याला फार वाटलं. पण सांगणार काय आणि कुठल्या तोंडाने? आणि हेच कलम त्याच्या अक्षरात, त्याच्या सहीनिशी, तिच्या शाळेच्या दारावर चिकटवलं जाणार होतं. भाचरं वाचणार, ती वाचणार. तेव्हा आदरापोटी त्याने ते कोरं सोडलं. आदराच्या पोटी माणूस कधी कधी जे करतो, ते वैऱ्यालाही सुचत नाही.

दोन महिन्यांनी विधिमंडळाची शिक्षण समिती बेटांच्या फेरीच्या जहाजातून फालुलेयला आली. सकाळी उतरायचं, सुनावणी घ्यायची, दुपारच्या भरतीला निघायचं. फालुलेयला येणं भागच होतं. बाहेरच्या बेटांच्या मुखियांची, म्हणजे तामोलांची, जी सभा आहे, तिचा या वर्षीचा प्रमुख इथला म्हातारा रुवेमाय होता. रीतीभातीला धक्का लावणारं विधेयक ही सभा पाडू शकते. ऐंशी ओलांडलेला रुवेमाय कोलोनियाला जायचा नाही. कोलोनियाने त्याच्याकडे यायचं.

समितीचा दुभाष्या म्हणून आलेल्या सेवेरिनने बेटाच्या रीतीप्रमाणे शर्ट काढून निळा लंगोट नेसला, होडीतून गुडघाभर पाण्यात उतरला, आणि वाळूवर पाय ठेवतो न ठेवतो तोच तेकला मावशीने त्याला गाठलं. ही त्याच्या आईची धाकटी बहीण. आई गेल्यापासून तीच आई. तोंडाचा पट्टा बेटावर नावाजलेला.

“आलास का? किती बारीक झालायस. तिकडे तुला कागदच खायला घालतात वाटतं.”

“बरी आहेस ना, मावशी?”

“माझं राहू दे. शाळेच्या दारावर लावायला तू कागद पाठवलास. बाविसाच्या खाली आणि चोविसाच्या वर उंदराने खाल्लंय का रे?”

सेवेरिन हसला. “तिथे लिहिलंय ना, बायकांना माहीत आहे म्हणून.”

“बायकांना माहीत असून काय चुलीत घालायचंय? बायकांना सगळंच माहीत असतं! कायदा बायका मान्य करतायत की म्हातारा?” मावशीने आवाज खाली आणला. “म्हातारा चार दिवस सांगत सुटलाय, जे मला माझ्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवलं नाही, ते मी ऐकलं नाही. जे ऐकलं नाही ते मान्य नाही. आणि ते नसेल तर तुझ्या... तर त्या शाळेचं काय, हे तू जाणतोस. मी आणखी काही बोलत नाही. तू शहाणा आहेस, असं तुझी आई म्हणायची.”

सेवेरिनच्या पायाखालची वाळू सरकली, आणि ती लाटेने नव्हे. इतके दिवस ज्याला तो रीत म्हणत होता, त्याने बहिणीच्या मानेवर सुरी ठेवली होती, आणि ठेवणारा हात त्याचाच होता.

सुनावणी पुरुषांच्या बैठकघरात भरली. उंच छप्पर, भिंती नाहीत, एका बाजूला दोन होड्या. मध्ये रुवेमाय चटईवर, भोवती चाळीसेक पुरुष. बायका बाहेर, ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली, ऐकू येईल इतक्या अंतरावर. त्यांत पर्पेतुआ मांडीवर दोन हजेरीपट घेऊन बसली होती. समितीचा अध्यक्ष सिनेटर गिलमुन हा मुख्य बेटावरचा. त्याची भाषा वेगळी, त्यामुळे त्याच्यासाठी सेवेरिन इंग्रजीत बोलायचा आणि बाकीच्यांसाठी आपल्या भाषेत.

पहिली बावीस कलमं मजेत गेली. एका वर्गात पस्तीसपेक्षा जास्त मुलं नकोत, हे ऐकून रुवेमाय म्हणाला, “पस्तीस मुलं द्यायला सांग राज्याला, मग कमी करू.” आगीच्या वेळी बाहेर पडायला प्रत्येक शाळेला दोन दारं हवीत, यावर मागून कुणीतरी ओरडलं, “आमची एक अख्खी भिंतच दार आहे!” शाळेच्या बसमधल्या सीटच्या पट्ट्यांचं कलम आलं तेव्हा बैठकघर गदगदून हसलं, कारण फालुलेयला रस्ताच नाही. पायी निघालं तर अर्ध्या तासात बेट संपतं.

सेवेरिन मात्र हसत नव्हता. प्रत्येक कलमासरशी तेवीस जवळ येत होतं.

बाविसावं संपलं. त्याने पान उलटलं आणि गप्प बसला.

“पुढे?” रुवेमाय म्हणाला.

बैठकघरात कुणी खोकलं. बाहेर बायकांनी विणकामावरचे हात थांबवले. सगळ्यांनी शाळेच्या दारावरचा कागद वाचला होता, काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच सगळे छपराकडे, होड्यांकडे, आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत होते.

“काय झालं?” गिलमुनने विचारलं. “भरती माझ्यासाठी थांबणार नाही. वाच की.”

“वाचता येत नाही, साहेब.”

“तुझ्याच हातचं आहे ना?”

“म्हणूनच.” सेवेरिनने त्याला हळू आवाजात सांगितलं की इथे प्रत्येक पुरुष कुणाचा तरी भाऊ आहे, आणि बाहेर त्याची बहीण बसलीय. सख्खी नसेल तर चुलत, मावस, कुळातली. आणि हे शब्द भावाच्या आणि बहिणीच्या कानांवर एकत्र पडू शकत नाहीत.

गिलमुन वाईट माणूस नव्हता. घाईतला होता, एवढंच. “मग सोडून दे. चोविसावं घे. समिती लिहील, बेटाने तेविसाव्यावर मत दिलं नाही. तसंही ते तुझ्या भाषेतल्या मसुद्यात नाहीच.”

तेव्हा सेवेरिन उभा राहिला. बावीस वर्षांत दुभाष्या म्हणून तो लाखो शब्द बोलला होता, पण स्वतःचं एक वाक्य कुठल्या सभेत बोलला नव्हता.

“तामोल,” तो रुवेमायला म्हणाला, “कागदावर जी जागा कोरी आहे ती राज्याने कोरी ठेवलेली नाही. मी ठेवली. मला वाटलं, मी मान राखतोय. मान माझा राखला गेला, नुकसान दुसऱ्याचं झालं. हे कलम इंग्रजीत आहे आणि ते चांगलं आहे. मी बावीस वर्षांत इतकं चांगलं कलम पाहिलं नाही. ते ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका, एवढं मागतो.”

म्हाताऱ्याने कागदाकडे बोट केलं. “मग वाच.”

“मला वाचता येणार नाही.”

“मग मी ऐकू कसा? माझ्या कानांना इंग्रजी चढत नाही. आणि इथे वाचणारा कोण आहे, ज्याच्या बहिणी बाहेर बसलेल्या नाहीत?”

हा प्रश्न म्हाताऱ्याने विचारला तो चिडून, उत्तराची अपेक्षा न ठेवता. पण सेवेरिनचं काम उत्तरं शोधण्याचंच. त्याची नजर चाळीस तोंडांवरून फिरली. हा अमकीचा भाऊ, तो तमकीचा. फिरत फिरत ती मागे होडीच्या सावलीत गेली. तिथे आठ-नऊ माणसं जाळं दुरुस्त करत बसली होती, सभेशी आपला संबंध नाही अशा चेहऱ्याने. खरोखरच नव्हता. ती दुसऱ्या बेटांवरून इथे लग्न होऊन आलेली माणसं. या बेटांवर पोरगा बायकोच्या घरी नांदायला जातो. मासे आणायचे, होडी ओढायची, सासूच्या वाडीत टारोसाठी खणायचं, आणि सभेत मागे बसायचं. घरजावयाचं मत विचारायची पद्धत फालुलेयला नव्हती.

त्यांच्या बहिणी मात्र शंभर मैलांवर होत्या.

“क्लेटस,” सेवेरिन म्हणाला.

पर्पेतुआचा नवरा क्लेटस दचकला, जाळ्याची सुई त्याच्या बोटात घुसली. अगदी दूरच्या छोट्या बेटावरचा, अबोल, रुंद पाठीचा माणूस. सेवेरिन मेहुण्याशी आजवर मासे, हवामान आणि होडीच्या शिडापलीकडे कधी बोललेला नव्हता.

“मी?”

“तूच. तुला वाचता येतं ना?”

“येतं. आपल्या भाषेतलं. तिनेच...” क्लेटस थांबला. बायकोने शिकवलं हे चारचौघांत सांगावं की नाही, त्याला कळेना. “येतं.”

बैठकघरात हशा उसळला. “अरे, घरजावई वाचणार!” “उद्या हे लोक तामोलांच्या जागी बसून कासवाचे वाटेही करतील!” “क्लेटस, आधी सासूला विचारून ये!”

बाहेरून तेकला मावशीचा आवाज आला, “सासूची बहीण सांगतेय, वाच रे बाबा! तेवढं तरी खाल्ल्या अन्नाला जाग!”

रुवेमायनेही हसून घेतलं. मग हात वर केला आणि सगळं शांत झालं. “माझ्या तीन बहिणी होत्या,” तो म्हणाला. “तिघी त्या क्रॉसाखाली आहेत, कुळातल्याही कुणी उरल्या नाहीत. मी आता कुणाचाच भाऊ राहिलो नाही. मी ऐकीन. घरजावयांनो, इथे थांबा. बाकी सगळे भाऊ उठा, समुद्रावर जा.”

“पण तामोल, सभा तर आमची...” कुणीतरी म्हणालं.

“तुमची सभा इतका वेळ अंगठे बघत बसली होती. आता जरा त्यांची होऊ दे. आणि बायकांनो, पुढे या. नवऱ्यांसमोर बोलायला तर तुम्हाला कधी अडचण आली नाही.”

पण क्लेटस वाचणार काय? कागद कोरा होता. ते कलम आपल्या भाषेत कुणीतरी लिहायला हवं होतं, आणि लिहिणारा एकच होता.

सेवेरिन खाली बसला. पर्पेतुआ दहा पावलांवर होती. ती मुद्दाम दुसरीकडे बघत होती, आणि ती मुद्दाम दुसरीकडे बघतेय हे त्याला दिसत होतं. त्याने पेन उघडलं. पल्याडच्या घराचं नाव त्याने जन्मात लिहिलं नव्हतं. पहिला शब्द लिहिला, कान तापले. मग त्याला त्या पत्रातलं एक वाक्य आठवलं: ‘पावसात मी फळा पोटाशी धरून नेते, म्हणजे अंक पुसले जात नाहीत.’ त्यानंतर त्याने न थांबता लिहिलं. मुली पल्याडच्या घरी असतात ते दिवस, शिक्षिका तिथे जाऊन शिकवत असेल तर, हजेरीचे धरावेत. त्यासाठी मुलीला किंवा शिक्षिकेला कुणीही दोषी ठरवू नये. इंग्रजीत पाच ओळी होत्या, त्या आपल्या भाषेत बरोबर तीनच झाल्या. खाली सही केली, कागद क्लेटसच्या हातात दिला आणि इतर भावांबरोबर तो समुद्राकडे चालता झाला.

तिसाहून जास्त मोठी माणसं वाळूवर रांगेने बसली. पाठ बैठकघराकडे, तोंड समुद्राकडे. वारा मात्र जमिनीकडून होता, आणि क्लेटसचा अडखळता आवाज त्याच्याबरोबर यायला लागला. “मुली... पल्या...”

“यंदा टुना काय लागलाय, नाही?” शेजारचा माणूस जोरात ओरडला.

“लागलाय तर! केवढाले!” दुसरा त्याहून मोठ्याने.

“माझ्या गळाला परवा एक लागला, असा!”

“थापा मारू नकोस! असा नव्हता, असा होता!”

आणि पुढची पंधरा मिनिटं फालुलेयच्या पुरुषांनी माशांबद्दल जी आरडाओरड केली, तिने खरे मासे जर त्या खाजणात असतील तर ते केव्हाच पळाले असतील. सेवेरिनही ओरडला. घसा बसेपर्यंत ओरडला. मध्येच वारा पडायचा आणि क्षणभर मागून पर्पेतुआचा आवाज यायचा. शब्द नाही, नुसता आवाज. सावकाश, न घाबरलेला, वर्गात असतो तसा. तो आला की सेवेरिन टुनाची लांबी आणखी वाढवायचा.

शेवटी क्लेटस धावत आला. घामाने निथळत होता, पण चालण्यात काहीतरी वेगळं होतं. मेहुण्याच्या शेजारी तो वाळूत बसला, आणि त्यालाही समुद्राकडेच बघून बोलावं लागलं.

“झालं,” तो म्हणाला.

“काय झालं?”

“तामोलांनी तीनदा वाचायला लावलं. मग तिला विचारलं, किती दिवस? तिने दुसरा हजेरीपट पुढे केला. तिच्याकडे दोन आहेत, ठाऊक आहे? एक इकडचा, एक तिकडचा. तिकडच्यात तारीख, कोण होतं, काय शिकवलं, सगळं. अकरा वर्षांचं. तू नव्हतास, तेव्हा साहेबांना इंग्रजीत तीच सांगत होती. गिलमुन साहेब पानं उलटत राहिले आणि मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मी सांगतो, त्यांनी टोपी काढली.”

“तामोल काय म्हणाले?”

“तामोल म्हणाले, यात एक चूक आहे.”

“माझी?” सेवेरिनने विचारलं.

“म्हणाले, कायदा उद्यापासून मोजणार आणि अकरा वर्षं समुद्रात टाकणार? लिहा, याच्या आधीचे दिवससुद्धा. साहेब म्हणाले, तसं करता येत नाही. तामोल म्हणाले, मग आमच्या सभेलाही हे विधेयक मान्य करता येत नाही. एकसष्टच्या एकसष्ट घेऊन जा. तेवीस नाही तर काहीच नाही.” क्लेटसला हसू आवरेना. “साहेबांनी जहाजाकडे पाहिलं, तामोलांकडे पाहिलं, आणि लिहिलं. स्वतःच्या हाताने. सही केली. समितीची शिफारस म्हणून जाईल, म्हणाले, आणि त्या तपासनिसाचा कागद आजच मागे घ्यायला लावतो. आणि जोविता...”

“तिचं काय?”

“हायस्कूलच्या यादीत तिचं नाव साहेबांनी तिथल्या तिथे घातलं. तिची आजी ढसाढसा रडली. आणि पल्याड बाकं करून द्यायचं आम्हा घरजावयांकडे आलंय. तोडून, तासून, ठरलेल्या झाडापर्यंत न्यायची, पुढे बायका नेतील. बघ, मिळून मिळून काय मिळालं सभेत, तर काम!”

रांगेतले सगळे ऐकत होते, आणि न ऐकल्यासारखं करत होते. कुणी पायाने वाळू उकरली. कुणी नाक शिंकरलं. टुनाबद्दल आता कुणी काही बोललं नाही.

सेवेरिनला खूप काही बोलायचं होतं. तिला सांग, तो म्हणणार होता, की मी पत्र तीनदा वाचलं. सांग की मला माझ्या सगळ्या नोकरीपेक्षा तिच्या फळकुटाचा अभिमान वाटतो. पण हेही क्लेटसच्या तोंडून पाठवणं त्याला बरं दिसेना. काही निरोप दुसऱ्याच्या तोंडी दिले की उष्टे होतात.

जहाजाचा भोंगा वाजला. बायका किनाऱ्याच्या वाटेने निघाल्या. कुणाकडे कोलोनियातल्या लेकीसाठी टारो, कुणाकडे विणलेलं वस्त्र, कुणाकडे पत्रं. वाट वाळूवर बसलेल्या भावांच्या अगदी मागून जात होती. भाऊ बसलेला असला की बहिणीचं डोकं त्याच्या डोक्यापेक्षा उंच दिसता कामा नये. म्हणून बायका कंबरेत वाकून, हात गुडघ्यांवर टेकून, घाईघाईने पुढे सरकतात. जन्मल्यापासून प्रत्येकजण हे बघत आलेला. वाकणारीला त्यात विशेष वाटत नाही, आणि बसणाऱ्याला तर नाहीच.

सगळ्यांत पुढे तेकला मावशी, तिच्यामागे पर्पेतुआ. दोन्ही हजेरीपट तिने छातीशी धरले होते. भावांची रांग दिसली तशी ती वाकायला लागली, पण हात मोकळे नव्हते. एक हजेरीपट निसटला, तो तिने कोपराने कसाबसा सावरला.

सेवेरिन उठून उभा राहिला.

भाऊ उभा असला तर वाकावं लागत नाही. शेजारच्याने चमकून वर पाहिलं. काही क्षण तो तसाच बसून होता. मग गुडघ्यांवर हात देत तोही उठला. त्याच्या पलीकडचा उठला. कुणी कण्हत, कुणी कमरेचा लंगोट सावरत, कुणी “पाय आखडले बुवा” असं उगाच म्हणत. रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उभी राहिली.

पर्पेतुआ थांबली. तिने हजेरीपट नीट धरले, पाठ ताठ केली आणि चालू लागली. सेवेरिनच्या मागून ती गेली तेव्हा त्याने मान जराशी वळवली. बहिणीचे डोळे नेमके त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर होते. क्षणभरच, मग ती पुढे गेली.

आपली बहीण आपल्याएवढीच उंच आहे, हे सेवेरिनला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.